मॅक्रोफेजचं सी३ खरंच मॅक्रोफेजचंच का?

पांढरीपेशी (प्रश्न)
मानवी सीडी१४ मोनोसाइट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) वाढवून मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) केल्या: एम-सीएसएफ (त्यासाठी लागणारं वाढीचं प्रथिन) ५० नॅनोग्रॅम/मिली, ७ दिवस. माध्यम आरपीएमआय (पेशी वाढवायचा पोषक द्रव), त्यात १० टक्के एबी रक्तगटाचं सीरम, ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. सातव्या दिवशी तीनदा धुऊन सीरमविना माध्यम घातलं. २४ तासांनी वरच्या द्रवात एलायझाने (प्रतिपिंडं वापरून प्रथिन मोजायची चाचणी) सी३ (कॉम्प्लिमेंट या जंतूंविरुद्धच्या प्रणालीतलं प्रथिन) मिळतं १५ नॅनोग्रॅम/मिली. लिपोपॉलिसॅकराइड (पेशींना चेतवणारा जिवाणूंचा घटक) दिलं तरी तेवढंच, सायक्लोहेक्झिमाइड (प्रथिन बनवणं थांबवणारं) दिलं तरी तेवढंच. या पेशी सी३ बनवताहेत की नाही?

गाळणी
सायक्लोहेक्झिमाइडने आकडा हलत नाही म्हणजे ते सी३ बहुतेक सीरममधून आलेलं, उसनं आहे. तापवल्याने सी२ आणि फॅक्टर बी ही कॉम्प्लिमेंटचीच प्रथिनं निकामी होतात, सी३ मात्र जागेवरच राहतं आणि एलायझाला दिसतं.

हिशोब मांडा. सीरममध्ये सी३ मिलीला साधारण १ मिलीग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांत १०० मायक्रोग्रॅम. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये द्रव ओढून घेतला तरी तळाशी ५० मायक्रोलिटर उरतातच. त्यावर ४५० घातले की दहापट विरळ. तीन धुण्या आणि चौथं ताजं माध्यम धरलं, तरी १० नॅनोग्रॅम/मिली शिल्लक! उरलेले पाच पेशींनी गिळून परत सोडलेले किंवा प्लास्टिकला चिकटलेले असू शकतात.

पाच धुण्या करा, ३७ अंशांवर तासभर सीरमविना ठेवा, ते माध्यमही फेका, मग वेळ मोजायला लागा. शेजारी एक वेल पेशींशिवाय, बाकी सगळं तसंच. तो आकडा वजा केल्याशिवाय काही बोलू नका.

जेलवाला
एलायझावर विसंबूच नका, पेशींचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) वेस्टर्नवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) चालवा, डीटीटी (साखळ्यांमधले बंध तोडणारं) घालून. सी३ आधी एकाच लांब साखळीत बनतं. बाहेर पडण्याआधी फ्युरिन हे विकर सलग चार आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी ती कापतं आणि ११५ व ७५ किलोडाल्टनच्या दोन साखळ्या होतात. सीरममधलं सी३ आधीच कापलेलं. म्हणून १९० च्या आसपास न कापलेली पट्टी दिसली, तर ती तुमच्या पेशींचीच. ब्रेफेल्डिन ए ४-६ तास दिलं की माल आत तुंबतो आणि ही पट्टी गडद होते.

टी पेशींबद्दल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) निष्कर्ष काढताना तर दुप्पट सावध. त्यांच्यात कॅथेप्सिन एल हे विकर सी३ कापतं हे खरं, पण बाहेरचं सी३ त्या आत ओढूनही घेतात.

पेशीपुराण
मुळात सी३ निवडलंच कशाला? रक्तातलं बहुतेक सी३ यकृताचं. मॅक्रोफेजची खरी ओळख सी१क्यू (कॉम्प्लिमेंटचंच आणखी एक प्रथिन), तिथे यकृताचा वाटा नगण्य. (प्रॉपर्डिन हे कॉम्प्लिमेंटचं प्रथिन मोजायचं तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींकडे जा, कणिकांत भरूनच असतं.) सी१क्यूत १८ साखळ्या, ए, बी, सी प्रत्येकी सहा, आणि शेपटी कोलॅजनसारखी. तिच्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल बसवायला क जीवनसत्त्व लागतं, आणि आरपीएमआयमध्ये ते नसतं. एस्कॉर्बेट (म्हणजे तेच क जीवनसत्त्व) ५० मायक्रोग्रॅम/मिली घाला. धुण्याचा नियम इथेही तोच, सीरममध्ये सी१क्यूही असतं.

पांढरीपेशी
एस्कॉर्बेट एकदाच घालून चालेल?

पेशीपुराण
नाही. ३७ अंशांवर माध्यमात ते काही तासांतच ऑक्सिडाइज होतं. रोज ताजं बनवून घाला. आणि नमुना गोळा करताच १० मिलीमोलर ईडीटीए (कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून कॉम्प्लिमेंट थांबवणारं) घाला, छोटे भाग करून उणे ८० ला. पुन्हापुन्हा वितळवलंत तर सी३ आपोआप बिघडतं.