शुगर असलेल्या माणसाला घेऊन फिरायला जाता तेव्हा काय काय झालं? आपापले अनुभव लिहा

दारव्ह्याची सून
मे महिन्यात सासूबाईंना घेऊन शेगाव आणि तिथून चिखलदरा करायचं ठरतंय. त्यांचं इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. मागच्या वर्षी पंढरपूरला जाताना इन्सुलिनचं पेन (टोचायचं) थंड राहावं म्हणून मी शहाणपणा करून फ्रीझरमधल्या बर्फाच्या पिशवीला चिकटवूनच ठेवलं, उतरून बघते तर गोठलेलं. गोठलं की वितळल्यावरही कामाचं राहत नाही हे मेडिकलवाल्यानं सांगितलं, नाहीतर मी तेच टोचणार होते. तुम्ही लोक उन्हात कसं करता? काय फसलं तेही लिहा, नुसते सल्ले नको.

मेहकरचा मास्तर
चालू पेन साधारण चार आठवडे बाहेर राहतं, पण ते २५-३० डिग्रीच्या आत, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५! आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही म्हणून घरी मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात छोटं मडकं, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन, वरून ओलं फडकं. प्रवासात डबीला ओला दुपट्टा गुंडाळायचा आणि सावलीत हवेशीर ठेवायचं. हवा कोरडी असली की मस्त गार राहतं, श्रावणात हाच जुगाड तेवढा चालत नाही. एकदा ढाब्यावर जेवायला उतरलो न पेन बंद गाडीतच राहिलं, ते गेलं कामातून.

आर्वीवाला
भाऊ मायं ऐका. रात्रीच्या गाडीनं मुंबईले चाललो होतो, जेवण आता येतेच म्हणून इंजेक्शन आधीच घेऊन टाकलं अन् गाडी आउटरले जी उभी राहिली ते राहिलीच, डबा काही ये ना. हातपाय लटलट, अंग घामानं ओलं, पिशवीची चेन उघडता ये ना मले. समोरचे काका म्हणे पिऊन आला वाटते! बायकोनं शुगर मोजायची मशीन लावली तं ५४, लई खाली. तिनं घाईघाईनं कोल्ड्रिंकची बाटली तोंडाले लावली, ते निघालं डाएटवालं, त्यात साखरच नाही ना बापा. मग चहावाल्याकडून साखर घेतली, तीन चमचे पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटानं पुन्हा मोजली तं ८०च्या वर आली, मग बिस्किटं खाल्ली. आता साखरेची पुडी शर्टाच्या खिशात, पिशवीत नाही, अन् ताट समोर आल्याबिगर सुई नाही.

वरुडकरीण
आमचं उलटं झालं. बाबांनी गाडीत बसल्या बसल्या संत्रं सोललं आणि त्याच बोटाची टोचणी घेतली, मशीनवर ३८०. सगळे घाबरलो, भाऊ तर डोस वाढवायला निघाला होता. आई म्हणाली, आधी हात तं धुवा. साबणानं धुवून, कोरडे करून दुसऱ्या बोटाचं घेतलं तर १६२. बोटाला लागलेल्या रसातली साखरच मोजून राहिलो होतो आम्ही. संत्र्याच्या गावात राहून हे कळायला वीस वर्षं लागली.

मेहकरचा मास्तर
एक राहिलंच. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चाललो, शुगरनं पाय बधिर झालेले, चटका कळलाच नाही, रात्री धर्मशाळेत बघतो तर तळव्याला हा एवढा फोड. जखम दोन महिने भरली नाही. आता दर्शन सकाळी, जाड मोजे घालून, आणि रात्री बायको बॅटरी घेऊन तळवे बघते.

दारव्ह्याची सून
आर्वीवाले दादा, डाएटवाल्या दोन बाटल्या मीही भरून ठेवल्या होत्या, आत्ताच बाहेर काढल्या. साखरेची पुडी सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत टाकली. ओल्या दुपट्ट्याचं विचारलं तर म्हणतात, तुझा भिजव, माझा नवा आहे.