सकाळचा पहिला तास मोबाइलविना: गरज की चैन?

धागालेखक
गेले सहा महिने मी उठल्यावर तासभर मोबाइलला हात लावत नाही. पूर्वी गजर बंद करण्यासाठी तो उचलला, की रात्रभर साचलेले संदेश पडद्यावर दिसत. एका सकाळी त्यात वरिष्ठांची एकच ओळ होती, ‘आल्यावर जरा भेटा.’ दात घासताना आणि आंघोळ करताना मी मनातल्या मनात खुलासे जुळवत राहिलो, मुलीने दोनदा विचारलेला प्रश्न माझ्या कानांवरून गेला, आणि कचेरीत पोहोचल्यावर कळले की त्यांना केवळ एका अर्जावर माझी सही हवी होती. जाग आल्यावर मेंदू पुरता सावध व्हायला साधारण १५ ते ३० मिनिटे, क्वचित त्याहून अधिक वेळ लागतो. अशा अर्धवट जागेपणी दुसऱ्याची निकड आपल्या डोक्यात का शिरू द्यावी? अर्धवट सोडलेल्या कामाकडे आपले काही लक्ष मागे अडकून राहते, हे संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडले होते. माझी तर प्रत्येक सकाळ अशा अडकलेल्या लक्षाने सुरू होत होती.

प्रतिसाद १
अनुभव प्रामाणिक आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. माझे आईवडील दुसऱ्या गावी एकटे राहतात, आणि रात्री सगळे ठीक होते ना, हे पाहिल्याशिवाय माझा पाय जमिनीला लागत नाही. ज्याची कामाची पाळी आदल्या रात्री बदलू शकते, त्यालाही हा तास परवडत नाही. शिवाय सकाळी उठून वर्तमानपत्र उघडणारी किंवा रेडिओ लावणारी माणसे जगाला घरात घेतच होती. त्यांना कोणी व्यसनी म्हटले नाही. आणि न पाहिलेला संदेश नाहीसा होत नाही. ‘काय आले असेल’ ही टोचणी मला तरी संदेशापेक्षा जास्त छळते.

प्रतिसाद २
वर्तमानपत्राची तुलना येथे लंगडी पडते, कारण वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. बोट सरकवत राहिले की मजकूर येतच राहावा, ही अखंड सरकपट्टीची रचना संगणक-रचनाकार ॲझा रास्किन यांनी २००६ मध्ये केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खेदही व्यक्त केला. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला, की कबुतर दाण्यासाठी चोच मारणे सहजी सोडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसले होते. आईवडिलांची खुशाली विचारायला दोन मिनिटे पुरतात. त्यानंतरची चाळीस मिनिटे कोणाच्या काळजीपोटी जातात, हे ज्याचे त्याने तपासावे. (माझी तरी कोणाच्याच काळजीपोटी जात नसत.)

प्रतिसाद ३
मग दोष त्या सरकपट्टीचा आहे, मोबाइलचा नव्हे. मला डोळ्यांनी दिसत नाही. सकाळी किती वाजले, हातात आलेली बाटली कोणत्या औषधाची आहे, टेबलावरच्या कागदावर काय लिहिले आहे, हे सारे मला मोबाइल वाचून दाखवतो. ‘पहिला तास त्याच्याविना’ म्हणजे माझ्यासाठी पहिला तास दुसऱ्या कोणाला तरी हाक मारत काढणे. सूचना बंद करता येतात, नको ती ॲप काढून टाकता येतात. मी दोन्ही केले आहे आणि माझी सकाळ शांत असते. यंत्राला दूर ठेवण्याचा अभिमान डोळस माणसालाच परवडतो, असे म्हटले तर कृपया राग मानू नये.

धागालेखक
राग नाही, उलट शीर्षकात ‘मोबाइलविना’ऐवजी ‘संदेशांविना’ असे लिहायला हवे होते, हे मान्य करतो. आणीबाणीचा मुद्दाही रास्त आहे. माझा मोबाइल बाहेरच्या खोलीत असतो, पण घरच्या दोन क्रमांकांचे फोन आले तर त्याची घंटा वाजते, आणि गजरासाठी मी किल्लीचे साधे घड्याळ घेतले आहे. मात्र सूचना बंद करण्याने माझे भागले नाही. सूचना नसल्या तरी मी ॲप स्वतः उघडून पाहत असे, त्यामुळे मला अंतरच ठेवावे लागले.

प्रतिसाद १
दोन क्रमांकांची सोय मी करून पाहीन. तरीही एक शंका राहते: माझी आई बरे नसले तरी फोन करत नाही, ‘झोपली असशील’ म्हणून संदेश पाठवते. तिला घंटा वाजवायला कसे शिकवावे?