दोन मांजरांसकट बिऱ्हाड हलवायचंय (फोंडा ते जुने गोवे या पट्ट्यातच). घरमालकांना कसं पटवता?

उंड्याची_आई

नमस्कार मंडळी. मी मूळची कुडाळची, चार वर्षं ढवळीला भाड्याने राहतेय. नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, हिशेबाचं काम. घरात आई, मी आणि दोन मांजरं. मालकांचा मुलगा आखातातून परत येतोय, म्हणून ३१ मेपर्यंत जागा रिकामी करायचीय. माणसं भली आहेत, तीन महिने आधी सांगितलं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना? आमच्याकडे उलटं झालंय. काल सातवं घर बघून आले.

आधी दोघांची ओळख. बोका उंडो, कारण बसला की पदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) उंड्यासारखा, म्हणजे गोल पावासारखा दिसतो. मांजर सुंगट (म्हणजे कोळंबी), फोंड्याच्या मासळी बाजारात टोपल्याखाली सुंगटासारखी वाकडी होऊन पडलेली सापडली होती. दोघांचं ऑपरेशन झालंय, लशी झाल्यात, दोघं घराबाहेर जात नाहीत. चार वर्षांत शेजाऱ्यांना माझ्याकडे मांजरं आहेत हेच माहीत नव्हतं, एकदा उंडो खिडकीत बसून कावळ्याशी भांडेपर्यंत.

आता घरांची हकीकत. खडपाबांधला एजंट म्हणाला, "सांगू नका ओ, एकदा सामान लागलं की कोण बघतो?" कवळ्याला मालकीणबाई शुद्ध शाकाहारी. त्यांनी विचारलं मांजर काय खातं, मी खरं सांगितलं, तर म्हणाल्या दूधभात घाला, मासळीचा वास आमच्या देवघरात येता कामा नये. कुर्टीला एका आजोबांनी एका वाक्यात निकाल लावला: "सुणें आसल्यार चलता, माजर नाका." कुत्रा घर राखतो, मांजर काय करतं? एका ठिकाणी खालच्या मजल्यावर सून गरोदर, मांजरामुळे बाळाला धोका असतो असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. एका सोसायटीत सेक्रेटरी म्हणाले, आमच्याकडे प्राण्यांना बंदीचा ठराव आहे. एक घर आम्हालाच आवडलं नाही, ओल फार.

सातवं म्हार्दोळला. जुनं कौलारू घर, लाल कोब्याची जमीन, पुढे सोपो (बसायची ओसरी), मागे फणस. आई सोप्यावर बसली ती उठेचना. भाडं १४ हजार. मालक काका मांजरांचं ऐकून बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "चिंतून सांगतां."

तर विचारायचंय ते असं. त्यांचं चिंतन माझ्या बाजूला कसं वळवू? सोसायटीचा तो ठराव खरंच चालतो का? कौलारू घरात मांजरं आत कशी ठेवता? आणि आईचा प्रश्न (माझा नाही): एजंट म्हणतो तसं लपवलं तर काय होईल?

---

बार्देसकार_७३

आईंना सांगा, मी लपवलं होतं. शिवोलीला, आठ महिने. मालक येणार असले की मांजरीला बास्केटमध्ये घालून मित्राकडे सोडायचो, तिचं शी-शूचं खोकं माळ्यावर, वाटी कपाटात. मग एका दुपारी नळ गळतो म्हणून ते न सांगता आले. मी त्यांच्याशी नळाबद्दल बोलतोय आणि ही बया त्यांनी खुर्चीवर ठेवलेल्या हेल्मेटमध्ये जाऊन झोपली. ऑगस्टच्या पावसात घर शोधत फिरलो. डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले ते वेगळेच, भिंतीला ओरखडा नसताना. भांडायला तोंड नव्हतं, खोटं मीच बोललो होतो.

आणखी एक. तुम्ही फोंड्याकडे बघताय म्हणून यातून सुटाल, पण किनाऱ्याच्या बाजूला आलात तर कराराचे महिने आधी विचारा. आमच्याकडे जूनमध्ये स्वस्तात, प्राण्यांसकट, हसतमुखाने घर देतात आणि ऑक्टोबर आला की पर्यटकांसाठी रिकामं करून हवं असतं. पावसाळ्यातला प्रेमळ मालक हिवाळ्यात ओळख देत नाही. अकरा महिने कागदावर लिहून घ्या. (अकराच का असं माझा मुलगा विचारतो. एका वर्षाच्या वरच्या भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, १९०८ च्या कायद्यापासून. ती टाळायला सगळे अकरावर थांबतात.) पोलीस स्टेशनात भाडेकरूचा फॉर्मही मालकाकडून भरून घ्या, तो राहिला की पुढे डोकेदुखी.

---

सुई_टोचणारी

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते, दोन मुद्द्यांवर बोलते.

गरोदर सून. भीती अगदीच खोटी नाही, पण भलत्याच जागी लागलीय. त्या आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. मांजराला लागण झाली तर बहुधा आयुष्यात एकदाच, एक-दोन आठवडे त्याच्या शीमधून ते जंतू पडतात. पडल्या पडल्या ते लागत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे खोकं रोज साफ केलं की विषय जवळजवळ संपला. घरातच राहणाऱ्या आणि शिजवलेलं खाणाऱ्या मांजराला मुळात लागण होण्याची शक्यताच कमी. माणसांना तो बऱ्याचदा अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, बागेतल्या मातीतून होतो. गरोदर बाईने स्वतः खोकं साफ करू नये हे खरंच. पण वरच्या मजल्यावरची मांजर खाली काय करणार?

दुसरं, वास. मालक वासाला घाबरतात म्हणून भाडेकरू रोज फिनेलने लादी पुसतात. कृपा करून नको. फिनॉल पचवायची ताकद मांजराच्या यकृतात फार थोडी असते आणि ते ओल्या लादीवर चालून पंजे चाटतं. साधा साबण-पाणी, आणि लघवीचा डाग असेल तर एन्झाइमवालं क्लीनर. ब्लीच लघवीवर ओतू नका, विषारी वायू होतो. बोक्याचं ऑपरेशन झालंय हे मात्र मालकांना ठळकपणे सांगा. भिंतीवर फवारा मारायची सवय त्याने बहुतेक बोक्यांची जाते. लशींचं कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सोबत न्या. कागद दिसला की माणूस नरमतो, हा माझा अनुभव.

दूधभातावर मांजर जगत नाही, त्याला मांस-मासळी लागतेच. आणि तारले-बांगडे रोज कच्चे घालत असाल तर ते बंद करा, कच्च्या मासळीने बी-वन जीवनसत्त्व तुटतं. उकडून घाला.

---

साखळीची_भाटकान्न

मी दुसऱ्या बाजूची. माझ्या दोन खोल्या भाड्याने असतात. तुम्ही सगळे वास, ओरखडे, सोसायटी बोलताय. मी 'मांजर नको' का म्हणत होते ते सांगते.

एक जोडपं होतं, दोघं कामावर जाणारी, सभ्य. एक मांजर होती, मी चालवून घेतली. ऑपरेशन करू करू म्हणत राहिली. दीड वर्षात चार झाली. मग त्यांची बदली झाली. किल्ली दिली, मी डिपॉझिट परत केलं, टेम्पो गेला. संध्याकाळी दिवा लावायला मागे गेले तर चारही मांजरं बंद दारासमोर बसलेली. एक पोटुशी. फोन केला तर म्हणाले, "काकी, त्यांना तिथली सवय आहे, मांजर घर सोडत नाही ना."

अकरा दिवस ती त्या दाराशी बसत होती. आत नवीन माणसं राहायला आली तरी. मी खायला घातलं तर खायची आणि पुन्हा तिथेच. शेवटी मीच चौघींना डिचोलीला नेऊन ऑपरेशन करून आणलं. जनावर असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे म्हणे. भाच्याने शोधून दाखवलं, पहिल्या वेळी दंड फार तर ५० रुपये. पन्नास! माझं रिक्षाचं भाडं त्याहून जास्त झालं.

तेव्हापासून मी दारातच नाही म्हणत असे. मला ओरखड्यांचं काही नाही, माझं घर सत्तर वर्षांचं आहे. भीती एकच: तुम्ही जाल आणि ती राहतील. म्हार्दोळचे काका गप्प बसले म्हणता, त्यांच्या मनात असंच काहीतरी असेल असं मला वाटतं. त्यांना विचारा, आधी कोण राहायचं आणि त्यांनी काय केलं.

गेल्या वर्षी मी पुन्हा एका मुलीला मांजरासकट खोली दिली. तिने काय केलं सांगू? आधीच्या मालकिणीचा नंबर स्वतःहून दिला. म्हणाली, बोला त्यांच्याशी, मी बाहेर थांबते. आणि करारात एक ओळ स्वतः घालून घेतली, जाताना मांजर घेऊन जाईन, नाही नेलं तर डिपॉझिट तुमचं.

---

कायद्याचं_बोला

सोसायटीपुरतं थोडक्यात. भारतीय पशू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलंय. लिहिलंय मुख्यतः कुत्र्यांबद्दल, पण तुमची बाजू मांडायला उपयोगी. प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या. पण घराच्या मालकाने स्वतःच नाही म्हटलं, तर ते परिपत्रक त्याला घर द्यायला भाग पाडत नाही. आणि सेक्रेटरीशी पहिल्याच दिवशी भांडून तिथे सुखाने राहता येईल का, याचं उत्तर कायद्यात नाही.

---

कौलांखालचा_माणूस

कौलारू घराबद्दल. भिंत संपते आणि कौलं सुरू होतात तिथे वीतभर फट असते, मांजर तिथूनच जातं. वाश्यांना कोंबडीची जाळी ठोकून ती फट बंद करा, पावसाआधी, कारण एकदा लागला की कौलावर कोणी चढत नाही. नायलॉनची नको, उंदीर कुरतडतात. फणस छपराला टेकत असेल तर ती फांदी मालकांना विचारून उतरवा. पहिले दोन-तीन आठवडे एकाच खोलीत ठेवा, जुनी चादर न धुता द्या. मागच्या परसात सोडू नका, आमच्या एका मांजराला घोणस चावली.

---

उंड्याची_आई

सगळ्यांचे आभार. भाटकान्न काकी, तुमचं वाचून मी त्या चार मांजरांवर रडले आणि मग म्हार्दोळला फोन केला.

तुमचा अंदाज बरोबर निघाला, पण पूर्ण नाही. आधीच्या भाडेकरूने सोडलेलं मांजरच होतं, आणि त्याला काकांच्या बायकोचा लळा लागला होता. ती गेल्यावर दोन वर्षं जगलं. काकांना पुन्हा तसं जनावर दारात नको होतं. हे त्यांनी फोनवर नाही सांगितलं, रविवारी आमच्याकडे ढवळीला येऊन सांगितलं. मीच बोलावलं होतं, राहतं घर बघा म्हणून. आले, नाक वर करून तिन्ही खोल्यांत फिरले, सोफ्याच्या पाठीवरून हात फिरवला. सोफा सुंगटने मागून पार सोललाय, तो मी भिंतीकडून वळवून मुद्दाम दाखवला. म्हटलं, हे माझ्या सामानाचं होतं, तुमच्या दाराचं झालं तर भरून देईन. लशींची कार्डं दिली, ती चष्मा लावून वाचली. मग आमच्या मालकांशी सोप्यावर बसून अर्धा तास बोलले, त्यातली वीस मिनिटं फणसाच्या भावावर.

घर मिळालं. एक महिन्याचं डिपॉझिट जास्त, जाळीचा खर्च माझा, आणि काकींची ती ओळ करारात. अट एकच घातली, उन्हात साटां (फणसपोळ्या) वाळत घातलेली असतील तेव्हा मांजरं अंगणात नकोत. ती तशीही जाणार नाहीत.

जाता जाता काका खूश होऊन म्हणाले, बरं झालं, माळ्यावर घुशी फार झाल्यात, तुमचे दोघे बघतील. मी मान हलवली. उंडो झुरळ दिसलं तरी आईच्या मांडीवर चढतो, हे काही बोलले नाही.

---

बार्देसकार_७३

म्हणजे शेवटी लपवलंतच.