लेकीला संधिवाताचं औषध लागू पडत नाहीये, आता जेनेटिक टेस्ट सांगितलीय, करावी का?

ऐरोलीची_आई:
नमस्कार, कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. मुलगी दुसरीत आहे. बालवाडीपर्यंत एकदम व्यवस्थित, पळायची, नाचायची, मग हळूहळू बोटांची मधली पेरं जाड व्हायला लागली, आता मूठ पूर्ण मिटत नाही, पेन्सिल धरताना त्रास होतो आणि स्टेशनचा जिना चढताना डुलत डुलत चढते, मध्येच थांबते. लहान मुलांचा संधिवात म्हणून मेथोट्रेक्सेट चालू आहे, अधूनमधून स्टेरॉइड पण दिलं, फरक काहीच नाही आणि दर वेळी ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) नॉर्मल. आता परळच्या एका डॉक्टरांनी मणक्याचा एक्सरे काढायला लावला, मणके चपटे दिसतायत म्हणाले, हा संधिवात नसून कूर्चेचा (सांध्यातल्या मऊ हाडाचा) जनुकीय आजार असावा. कागदावर पीपीआरडी लिहून दिलंय आणि एक्झोम टेस्ट, म्हणजे जनुकांची तपासणी, करा म्हणतात. टेस्ट महाग आहे, औषध नसेल तर टेस्ट करून काय मिळणार असं घरी चाललंय. माझं लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालंय, डॉक्टरांनी ते विचारल्यापासून आत्या धड जेवत नाहीयेत. आणि उंची वाढवायचं इंजेक्शन आलंय म्हणे परदेशात, ते हिला चालेल का?

नेरूळ_जेनेटिक्स:
ताई, टेस्ट करा. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. पीपीआरडी म्हणजे प्रोग्रेसिव्ह स्यूडोरुमेटॉइड डिसप्लेजिया. सीसीएन६ नावाचं जनुक आहे, जुन्या रिपोर्टमध्ये डब्ल्यूआयएसपी३ लिहिलेलं असतं, त्याचा या आजाराशी संबंध १९९९ मध्ये सापडला. मूल जन्मतः नॉर्मल असतं, साधारण ३ ते ८ वर्षांत सुरुवात होते, सांधे सुजल्यासारखे दिसतात पण ती सूज नसते, हाडाची टोकंच रुंद झालेली असतात आणि कूर्चा झिजत जाते. हात लावला तर सांधा गरम लागत नाही, रक्तात काही दिसत नाही. म्हणूनच संधिवाताची औषधं चालत नाहीत, आणि आपल्याकडे कितीतरी मुलं आधी संधिवात म्हणूनच औषधं घेत राहतात. नको ती औषधं थांबणं हाच टेस्टचा पहिला फायदा. मात्र रिपोर्ट आला तरी स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतील.

इंजेक्शनचं म्हणाल तर ते व्होसोरिटाइड, २०२१ मध्ये युरोप अमेरिकेत मंजूर झालं, पण ते अकाँड्रोप्लेजिया या उंची खुंटणाऱ्या जनुकीय आजारासाठी. त्या आजारात एफजीएफआर३ हे जनुक वाढीला ब्रेक लावून धरतं आणि औषध तो ब्रेक सैल करतं, मोठ्या चाचणीत वर्षाला साधारण दीड सेंटिमीटर जास्त उंची वाढली. तुमच्या लेकीत बिघाडच वेगळा आहे, तिथे त्याचा उपयोग नाही. कुणी ऑनलाइन मागवून देतो म्हणालं तर ऐकू नका.

पीपीआरडीवर संशोधन अवघड का जातंय तेही सांगते. उंदरांमधून हे जनुक काढून टाकलं तरी उंदरांचे सांधे चांगलेच राहतात, २००५ मध्येच हे दिसलं, म्हणजे औषध तपासायला सोपा प्राणीच मिळत नाही. त्यामुळे पेशंटकडून मिळणारी माहिती फार मोलाची ठरते, मणिपालसारख्या ठिकाणी भारतीय कुटुंबांवर चांगलं काम झालंय. कूर्चेच्या दुसऱ्या एका आजारात, श्मिड प्रकारात, फिटवरचं जुनं कार्बामाझेपिन उंदरांमध्ये उपयोगी दिसलं आणि मग युरोपात मुलांवर चाचणी सुरू झाली. तेही औषध तुमच्या लेकीसाठी नाही, पण नेमकं जनुक कळल्याशिवाय अशा कुठल्याच चाचणीचं दार उघडत नाही.

घोडबंदर_रोड:
मला हाच आजार आहे, आता चाळिशी जवळ आलीय, ठाण्यातच नोकरी करतो. शाळेत असताना माझ्यावरही संधिवाताचीच औषधं चालली होती. ताई खोटं सांगत नाही, सांधे आखडत जातात, माझ्या दोन्ही खुब्यांचं रिप्लेसमेंट झालंय, पण त्यानंतर चालणं खूप सुधारलं. डोक्यावर याचा काहीही परिणाम नसतो, अभ्यासात लेक कुठेच मागे पडणार नाही. पोहायला घाला तिला, पाण्यात सांध्यांवर भार येत नाही. उड्या मारणं, पीटीचं धावणं टाळा आणि शाळेला तसं लेखी द्या. लिहायचा वेग कमी होईल, त्याचा बाऊ करू नका, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, काम आत्तापासून बघा, शेवटच्या क्षणी धावपळ फार होते.

ऐरोलीची_आई:
दादा, तुमचं वाचून खूप धीर आला. रडू पण आलं. अजून एक विचारू का, दुसऱ्या बाळाचा विचार होता, तो सोडूनच द्यावा लागेल का? आणि आत्यांना काय सांगू?

नेरूळ_जेनेटिक्स:
सोडायची गरज नाही. जनुकातला बदल तुमच्याकडे एक आणि मिस्टरांकडे एक असणार, तुम्हा दोघांना त्रास शून्य, पण दोन्ही बदल एकाच मुलात आले की आजार होतो. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के. लेकीतला बदल नक्की सापडला की पुढच्या वेळी गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते, म्हणून आधी लेकीची टेस्ट, मग तुम्हा दोघांची, आणि हे सगळं दिवस जायच्या आधी. केईएम हे केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणातलं सेंटर आहे, तिथल्या जेनेटिक्स ओपीडीत खर्चाचं विचारा.

आत्यांना सांगा की असे बदल प्रत्येकाच्या अंगात असतात, नात्याबाहेर लग्न झालेल्या घरांतही हा आजार दिसतो. शक्य असेल तर काउन्सेलिंगला त्यांना सोबतच न्या. आणि जाताना सगळे जुने एक्सरे न्या, फक्त रिपोर्ट नको, फिल्म लागतात, हाताची, खुब्याची, मणक्याची.