मदत हवी आहे: बिग मोरोंगोचा छोटा ट्रेल आईला झेपेल का?

वैतागवाडी:
शनिवारी बिग मोरोंगो कॅन्यन प्रिझर्वला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या राखीव निसर्गक्षेत्रात जायचंय. आईला चालवेल का? हो की नाही एवढंच सांगा. नकाशातल्या वाटा बघून डोकं भंजाळलंय.

काटेसावर:
कुठली वाट? आईंचं वय काय? निघणार कुठून?

वैतागवाडी:
अहो, ओढ्याकाठची छोटी वाट! आई ७२ वर्षांची. पाम स्प्रिंग्जहून निघू.

काटेसावर:
म्हणजे गाडीने अर्धा तास. गुडघे कसे आहेत?

वैतागवाडी:
एकाचं ऑपरेशन झालंय, मार्चमध्ये.

भटकभवानी:
हे आधी सांगायचं ना! मार्श ट्रेल करा, मैलभरही नाही. बोर्डवॉक, म्हणजे लाकडी फळ्यांची वाट आहे, व्हीलचेअरही जाते. सासूबाईंना नेलं होतं. चाकांखाली फळ्या खडखडत होत्या आणि खाली घोटाभर पाणी. एक लालभडक पक्षी, व्हर्मिलियन फ्लायकॅचर, फांदीच्या टोकावरून झेपावून किडा पकडायचा आणि परत तिथेच येऊन बसायचा. सासूबाई बाकावरून हलेनात. कॅन्यन ट्रेलला मात्र चुकूनही वळू नका.

एकलव्य_पायी:
खरी मजा कॅन्यन ट्रेललाच आहे. बोर्डवॉक म्हणजे बागेतला फेरफटका.

भटकभवानी:
ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला कॅन्यन? आणि तुमचा ओढा पुढे वाळूत गडप होतो, मग बघायचं काय?

एकलव्य_पायी:
तेच तर बघायचं! खडकातल्या भेगेमुळे, म्हणजे फॉल्टमुळे, डोंगरातलं पाणी इथे वर येतं. म्हणून वाळवंटात कॉटनवुडची एवढी झाडं. पुढे ते पुन्हा जमिनीखाली जातं.

बिनधास्त_बंडू:
माझ्या मावशीला गुडघ्यासाठी खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम सांगितला होता. दिवसातून तीनदा. फार फरक पडला.

वैतागवाडी:
मी व्यायाम विचारला नाहीये.

बिनधास्त_बंडू:
मग जोशुआ ट्री नॅशनल पार्कला जा, जवळच आहे. दगड बघण्यासारखे आहेत.

काटेसावर:
बंडूशेठ, जूनमध्ये? ७२ वर्षांच्या बाईंना? वैतागवाडी, फाटक सकाळी ७:३० ला उघडतं, तेव्हाच पोचा. दहानंतर ऊन भाजून काढतं. प्रवेश फुकट आहे, देणगीची पेटी असते. पाणी भरपूर न्या. रॅटलस्नेक असतात, त्यामुळे फळ्यांवरून खाली उतरायचं नाही.

वैतागवाडी:
साप?? बरं, मार्श ट्रेल नक्की. एक राहिलं, बरोबर कुत्रा आहे. पट्टा असला की चालतं ना?

भटकभवानी:
नाही. कुत्र्यांना आत बंदी आहे. आणि या उन्हात गाडीत तर अजिबात ठेवू नका.

वैतागवाडी:
हे आधी सांगायला काय झालं होतं?

भटकभवानी:
कुत्रा आहे हे तुम्हाला आधी सांगायला काय झालं होतं?

वैतागवाडी:
ठीक आहे. आम्ही परत येईपर्यंत नवरा कुत्र्याला घेऊन पाम स्प्रिंग्जलाच थांबेल. त्याला अजून सांगितलेलं नाही.