मेपलखाली ट्रिलियम जगेल का?

मागच्या कुंपणालगत दोन जुने मेपल आहेत, खाली गवत काही धरत नाही. तिथे पांढरं ट्रिलियम, म्हणजे ते फुलाखाली तीनच पानं असणारं रानफूल, लावावं म्हणते. बी पेरू की कंद आणू? आणि उन्हाळ्यात पानं नाहीशी होतात म्हणे, खरं का?

प्रतिसाद १
कंदच आणा. बी नीट उगवून वर यायला दोन हिवाळे जातात, पहिलं फूल दिसायला ७ ते १० वर्षं! पानगळीच्या दिवसांत साधारण १० सेंटीमीटर खोल लावा. मेपलची मुळं वरवर पसरतात आणि पाणी आधी ओढून घेतात, म्हणून खोडापासून जरा लांब, कुजलेल्या पानांचा भरपूर थर देऊन. नर्सरीत विचारा, रोपं तिथेच वाढवलीत की जंगलातून उपटून आणलीत. गोलमोल उत्तर आलं तर परत फिरा.

प्रतिसाद २
पानं जातात, खरंय. रोप मेलं समजून खणू नका. फूल खुडताना तिन्ही पानं गेली तर मात्र कंद उपाशी.

प्रश्नकर्ती
आमच्याकडे हरणं येतात हो!

प्रतिसाद १
मग आधी जाळी, नंतर कंद. हरणांना ते फार आवडतं. मुंग्या दिसल्या तर राहू द्या, बिया त्याच पसरवतात.