मदत हवी आहे: १७ उद्दिष्टांपैकी आपली नेमकी कोणती, हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

कापड रंगवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी पर्यावरण आणि सुरक्षा विभाग सांभाळते. यंदाच्या अहवालात आमचं काम संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांशी जोडून दाखवायचं ठरलंय. पहिल्या मसुद्यात १७ पैकी १४ उद्दिष्टांची रंगीत चिन्हं होती. झाडं लावली, लावा १५ नंबर. आरोग्य तपासणी झाली, लावा ३ नंबर. आणि ज्या पाण्यावर आमचा सगळा धंदा उभा आहे, त्याबद्दल जेमतेम दोन ओळी! हे मला अजिबात पटलं नाही.

मग मुळापासून वाचायला घेतलं. २०१५ साली १९३ देशांनी मान्य केलेल्या या उद्दिष्टांखाली १६९ लक्ष्यं आहेत, आणि खरा अर्थ तिथे कळतो. उद्दिष्ट ६ पाण्याचं; त्यातलं लक्ष्य ६.३ म्हणतं, प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचं प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणा. ६.४ पाणी काटकसरीने वापरण्याबद्दल आहे, ८.८ कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल. ही तिन्ही थेट आमच्या कामातली आहेत. 'एसडीजी कंपास' (एसडीजी म्हणजे हीच उद्दिष्टं) ही कंपन्यांसाठीची मार्गदर्शिकाही हेच सांगते: कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतची साखळी तपासा, जिथे तुमचा बरा-वाईट परिणाम मोठा असेल तिथे लक्ष द्या.

इथपर्यंत ठीक. पण ही लक्ष्यं मोजायचे निर्देशक देशासाठी बनवलेले आहेत, एका कारखान्यासाठी नाहीत. आम्ही मोजतो एक किलो कापडामागे लागणारं पाणी. ते ६.४ शी प्रामाणिकपणे जोडायचं कसं? कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांसाठी जीआरआय संस्थेची मानकं असतात; त्यातल्या जीआरआय ३०३ या पाण्याच्या मानकाप्रमाणे आकडे दिले तर पुरेसं होईल का?

त्याहून मोठा पेच वेगळाच आहे. सांडपाणी शुद्ध करून परत वापरायचं, तर आरओनंतर (पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळल्यावर) उरलेलं खारं पाणी आटवावं लागतं. त्याला वाफ लागते, म्हणजे बॉयलरचं इंधन वाढतं. उद्दिष्ट ६ सुधारतं आणि १३, म्हणजे हवामानाचं, बिघडतं. वरिष्ठांचं म्हणणं, फक्त पाण्याचा आकडा छापा. माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी शेजारी हवेत. शिवाय आधी धुलाईतलंच गरम पाणी कमी केलं, तर पाणी आणि इंधन दोन्ही वाचतं. तो खर्च अजून मंजूर झालेला नाही.

ज्यांनी असा अहवाल केलाय त्यांनी कृपया सांगा: उत्सर्जन वाढल्याचा आकडा तुम्ही छापला का? आणि व्यवस्थापनाला कसं पटवलंत? बैठक पुढच्या आठवड्यात आहे.